लॅपटॉप अर्धा मिनिट पळतो, मग रांगतो: आधी वॅट बघा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. आय-५ चा नवा लॅपटॉप. ब्राउझर, एक्सेल, टॅली सगळं झटपट उघडतं. पण व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, लग्नाच्या फोटोंची बॅच चालवली किंवा मोठं फोल्डर झिप करायला घेतलं की पहिला अर्धा मिनिट जोरात जातो आणि नंतर वेग निम्म्यावर येतो. पंखा घोंघावतो, टक्केवारीचा आकडा मात्र हलत नाही. शेजारच्या टेबलावरचा डेस्कटॉप तेच काम निम्म्या वेळात उरकतो, आणि त्याच्यावरही आय-५ च लिहिलेलं असतं. इंदूरमध्ये एप्रिल लागला की अशा तक्रारी वाढतात, आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेलं निदानही येतं: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या."

या एका लक्षणाआड दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. काही लॅपटॉप कंपनीने ठरवून दिलेल्या वॅटमध्ये राहायचं म्हणून हळू होतात. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, आपण चुकीचं यंत्र विकत घेतलेलं असतं एवढंच. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसरला ठरलेले वॅटसुद्धा मिळत नाहीत. हा खरा बिघाड, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तात निघतो. पैसे खर्च करण्याआधी आपला लॅपटॉप कोणत्या प्रकारात बसतो ते पाहून घ्या.

नाव एक, जीव वेगळा

खरेदी करताना आपण बघतो काय? आय-५, बारावी पिढी, ४.४ गिगाहर्ट्झ. आता इंटेलचेच दोन प्रोसेसर समोरासमोर ठेवू, दोन्ही २०२२ चे. एक लॅपटॉपचा आय-५ १२३५यू, दुसरा डेस्कटॉपचा आय-५ १२४००. दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. दोघांत १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी १२ कामं हाताळायची सोय. जाहिरातीच्या कागदावर जुळी भावंडं. पण १२३५यू ला कायमचे मंजूर वॅट १५, तर १२४०० ला ६५. थोड्या वेळापुरती चढण्याची मुभा पहिल्याला ५५ वॅटपर्यंत आणि दुसऱ्याला ११७ पर्यंत. आतली रचनाही वेगळी आहे. डेस्कटॉपवाल्यात सहाच्या सहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दमदार. लॅपटॉपवाल्यात दमदार दोनच, बाकीचे आठ काटकसरी.

"थोड्या वेळापुरती" याचा अर्थ बऱ्याच लॅपटॉपमध्ये साधारण २८ सेकंद. तेवढा वेळ प्रोसेसर जास्तीचे वॅट घेतो, मग मुकाट्याने १५ वर येतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीला जिलबी हात सैल सोडून वाढतात आणि नंतर मोजून, तसाच हा प्रकार. म्हणून लॅपटॉप उघडताना, पान लोड होताना, एक्सेलची फाइल उघडताना तो डेस्कटॉपच्या तोडीचा वाटतो. ही सगळी कामं २८ सेकंदांच्या आत संपतात. व्हिडिओ एक्सपोर्ट संपत नाही. तिथे दहाही कोअर, आतलं ग्राफिक्स आणि मेमरीचं नियंत्रण यांना त्या १५ वॅटमध्येच भागवावं लागतं, आणि वेग २ गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन थांबतो. १२४०० मात्र सहाही कोअरवर काम टाकलं तरी ४ च्या आसपास टिकून राहतो.

मग लॅपटॉपवाला चौपट हळू का होत नाही? वॅट तर पाव हिश्श्याहूनही कमी आहेत. याचं कारण कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू. प्रोसेसरची वीज मुख्यतः दोन गोष्टींवर जाते: वेग, आणि व्होल्टेजचा वर्ग (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज). वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. उलट बाजूने हिशेब करा. वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज १.२ वरून ०.८ वर आणता आलं, तर वीज किती उरेल? ०.५ गुणिले ०.४४, म्हणजे साधारण २२ टक्के. ६५ वॅटचे झाले साडेचौदा. वेग निम्मा, वीज पाव भागाहूनही कमी.

एकच काम डेस्कटॉपने ६५ वॅटवर १० मिनिटांत केलं तर प्रोसेसरने सुमारे ११ वॅट-तास खाल्ले. लॅपटॉपने तेच १५ वॅटवर २० मिनिटांत केलं तर ५. लॅपटॉपचा प्रोसेसर विजेच्या युनिटमागे जास्त काम देतो, डेस्कटॉपचा मिनिटामागे. लॅपटॉपच्या बॅटरीत साधारण ५० वॅट-तास असतात. त्यातून ६५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालवला तर पाऊण तासात खेळ खलास, आणि त्यात स्क्रीन धरलेलीच नाही. १५ वॅटचा निर्णय कंजूषपणातून आलेला नाही.

यात थोडी गंमतही आहे. २००४ च्या सुमारास डेस्कटॉपचा पेंटियम ४ गिगाहर्ट्झच्या मागे धावत ११५ वॅटपर्यंत पोचला होता. त्याच काळात लॅपटॉपसाठी बनवलेला पेंटियम एम २४.५ वॅटमध्ये १.६ गिगाहर्ट्झवर चालून बऱ्याच कामांत त्याला जड जात होता. पेंटियम ४ चा पुढचा अवतार इंटेलने २००४ मध्येच रद्द केला, आणि २००६ चा कोअर २ लॅपटॉपच्याच वंशातून आला. आज जे डेस्कटॉप प्रोसेसर आपण मजबूत म्हणून घेतो त्यांचं आजोळ लॅपटॉपमध्येच आहे.

तीन आकडे एकत्र वाचा

आता तपासणी. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे वेग दिसतो, पण वॅट आणि तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि उघडताना फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडा. लांबलचक यादी बघून घाबरायचं काही नाही. आपल्याला तीनच ओळी हव्यात: कोअरचा वेग, सीपीयू पॅकेज पॉवर आणि सीपीयू पॅकेजचं तापमान.

चार्जर लावा, बाकी सगळं बंद करा आणि प्रोसेसरवर दहा मिनिटं सलग ओझं टाका. सेव्हन-झिपच्या टूल्स मेनूत बेंचमार्क असतो, तो पुरतो. त्याहून चांगलं म्हणजे ज्या कामात लॅपटॉप छळतो तेच काम लावा. पहिल्या मिनिटाचे आकडे सोडून द्या. पाचव्या मिनिटानंतरचे लिहून घ्या, आणि त्यांच्या शेजारी खोलीचं तापमानही लिहा.

तापमान ७० ते ८५, वॅट १५ वर किंवा २० वर किंवा २५ वर खिळ्याने ठोकल्यासारखे स्थिर, वेग २ च्या आसपास, असं दिसलं तर लॅपटॉप ठणठणीत आहे. तो कंपनीने आखलेल्या रेषेवर चाललाय. अशा वेळी पेस्ट (चिपची उष्णता तांब्याकडे नेणारा मधला लेप) बदलून काही होणार नाही, फॉरमॅट करून काही होणार नाही, आणि रॅम वाढवल्याने या कामाचा वेळ कमी होण्याची शक्यता फारच थोडी.

तापमान ९५ ते १०० ला टेकलेलं आणि वॅट मात्र मंजुरीपेक्षा कमी, म्हणजे ८ किंवा १०, असं असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला आवरतात. एएमडीचे मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ च्या दरम्यान.

तापमान ५० च्या आत, वॅट ३-४, आणि वेग ०.४ किंवा ०.७९ वर अडकलेला असेल तर कुणीतरी बाहेरून त्याचा गळा धरलाय. संशय आधी चार्जरवर.

तापमान कमी, वेग दीडच्या वर जातच नाही, पण ०.४ इतका खालीही नाही, असं असेल तर सेटिंगमध्ये टर्बो, म्हणजे गरजेला वेग वर चढवायची सोय, बंद पडलेला आहे.

आणि तिन्ही आकडे चांगले असूनही लॅपटॉप रखडत असेल तर प्रोसेसरला सोडा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के किंवा मेमरी काठोकाठ भरलेली दिसेल. तो वेगळा विषय.

उष्णतेचा मामला

पंखा पूर्ण जोरात असताना प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतो. समजा तो फरक ६० आहे. खोलीत २५ अंश असतील तर प्रोसेसर ८५ वर, चिंता नाही. मे महिन्यात दुपारी खोलीत ३८-४० झाले की तोच प्रोसेसर १०० च्या दाराशी. लॅपटॉप तोच, सॉफ्टवेअर तेच, आणि दुपारी तीनला रडणारं काम रात्री अकराला सुरळीत चालतं. मध्य भारतात राहून आपल्याला एवढी एक सोय आहे, शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, उगीच म्हणत नाहीत. रात्री आणि दुपारी अशी एकाच कामाची वेळ मोजून बघा. फरक मोठा असेल तर निदान तिथेच झालं: उष्णता. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागत असेल तर वॅटची मर्यादा.

कूलरबद्दल नेहमी विचारतात. कूलरने खोलीची हवा थंड होते, त्याचा फायदा लॅपटॉपलाही मिळतो. पण कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका. झोताबरोबर बारीक तुषार येतात, आणि पाणी बोअरिंगचं असेल तर त्यातले क्षार पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर पांढरे बसतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलात तर उत्तम. गादीवर, उशीवर, दिवाणाच्या चादरीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना काय सांगायचं? हवा खालून आत घेतली जाते, आणि आपण तिथेच कापूस लावून बसतो. मागची कड दोन वह्यांवर उचलली तरी बऱ्याच लॅपटॉपवर तापमान काही अंशांनी उतरतं. पंख्यांचा कूलिंग पॅड घेण्याआधी हा फुकटचा प्रयोग करून बघा.

राजवाड्याजवळ कापडाचं दुकान असलेल्या एका काकांचा बिलिंगचा लॅपटॉप आला होता. दिवसभर काउंटरवर, थानं उलगडायच्या जागेपासून हातभर अंतरावर. आकडे बघितले: ९७ अंश, ८ वॅट, वेग सव्वाच्या आसपास. मागचं झाकण उघडलं तर पंखा वरून स्वच्छ दिसत होता. कचरा पंख्यावर नव्हताच. पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामधल्या फटीत बोटभर रुंदीची तंतूंची पट्टी बसलेली होती, नमद्यासारखी घट्ट, करड्या रंगाची, मधून लाल आणि शेवाळी धागे गेलेले. चिमट्याने धरली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. त्यानंतर तोच लॅपटॉप, त्याच खोलीत, १५ वॅटवर ७८ अंश. पेस्टला हातही लावावा लागला नाही.

बाहेरून ब्लोअर मारून काम होत नाही ते यामुळेच. ती पट्टी जाळीच्या आतल्या बाजूला असते, आणि बाहेरून मारलेली हवा तिला पंख्याकडे ढकलते. ती पुन्हा जागेवर येऊन बसते. झाकण उघडूनच काढावी लागते. स्वतः करणार असाल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच मांडणीत कागदावर ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तळहाताच्या पट्टीला वर टेंगूळ येतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी अटी वाचा.

पेस्टचं सांगायचं तर तीन-चार वर्षांनी ती वाळते. लॅपटॉपमध्ये चिपवर धातूचं झाकण नसतं, तांबं थेट चिपवर टेकतं, आणि सततच्या गरम-गारमध्ये पेस्ट कडेला ढकलली जाते. जाळी साफ करूनही पहिल्या दहा सेकंदांतच तापमान ९५ ला उडी मारत असेल तर पेस्ट गेली समजा. हळूहळू, पाच-सात मिनिटांत चढत असेल तर हवेचा रस्ता अडलाय. बदलायला देताना एक सांगून ठेवा: जिथे मऊ रबरी पॅड आहेत तिथे पेस्ट फासायची नाही. पॅड जाड असतो, पेस्ट ती फट भरून काढू शकत नाही, आणि मग शेजारचे भाग तापून नवीनच दुखणं लागतं.

चार्जर: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

इंदूरच्या भंवरकुआँला कोचिंगसाठी राहणाऱ्या एका भाच्याचा लॅपटॉप. वेग ०.७९, कायम. वॅट ३, तापमान ४६. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालेलं, एसएसडी बदलून झालेली. चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर वेग ताबडतोब ३ च्या पुढे. उलटं वाटतं ना? चार्जर लावल्यावर हळू, काढल्यावर चपळ. ज्याने चार्जर विकला होता त्याचं म्हणणं: "भिया, चार्जिंग तो हो रिया है." चार्जिंग होत होतं, हे खरंच. पण त्या जातीच्या चार्जरच्या गोल टोकात मधोमध सुईसारखी पिन असते, आणि तिच्यावरून चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला कळतं. नकली चार्जरमध्ये ती खूण नसते, अस्सलमध्येही पिन वाकली तर पोचत नाही. मग लॅपटॉप सावधपणे सगळ्यात खालच्या वेगावर जाऊन बसतो. काही लॅपटॉप सुरू होताना तशी सूचना दाखवतात, आणि आपण ती न वाचता एंटर दाबतो.

चार्जरवरचा छापलेला आकडा वाचायला शिका. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. १९ व्होल्ट आणि २.३७ अँपिअर म्हणजे ४५. लॅपटॉपबरोबर ६५ चा आला असेल आणि तुम्ही घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपचा ४५ चा लावत असाल तर वेग कमी होणारच. यूएसबी-सी असेल तर केबलही बघा. साधी केबल ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. ६५ चा चार्जर लावून ५ अँपिअरची केबल नसेल तर पूर्ण ६५ मिळणार नाहीत. मोबाइलचा २०-३० वॅटचा चार्जर लॅपटॉपला लावून काम होतं, पण ते तात्पुरतं.

खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे जाऊन कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाची ३७ क्रमांकाची नोंद शोधा. प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरने) अडवलाय असं ती सांगते. ती नोंद उष्णतेमुळेही पडू शकते, म्हणून तापमानासोबतच वाचायची.

यूट्यूबवर यावर उपाय म्हणून थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये बीडी प्रोचॉट ही खूण काढायला सांगतात. त्याने वेग लगेच येतो, म्हणून लोक खूश होतात. पण ही खूण म्हणजे बोर्डावरच्या इतर भागांनी प्रोसेसरला "थांब" म्हणायची तार आहे. निदानापुरती पाच मिनिटं काढून बघायला हरकत नाही. कायमची काढून ठेवाल तर उद्या खरंच काही तापलं तेव्हा ओरड ऐकायला कुणी नसेल. चार्जर बदला, ते स्वस्त पडतं.

बॅटरीचंही याच ओघात. काही लॅपटॉप ओझं अचानक वाढलं की चार्जरला बॅटरीची जोड देतात. बॅटरी मेलेली किंवा काढून ठेवलेली असेल तर तेही वेग खाली आणतात. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, चार्ज करू नका, वापर थांबवा आणि बदलून घ्या.

सेटिंग

इथे फार बोलायचं नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, आणि पॉवर मोडमध्ये बेस्ट परफॉर्मन्स. बॅटरी सेव्हर (नव्या आवृत्तीत एनर्जी सेव्हर) बंद. त्याखेरीज लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं अॅप असतं, त्यात शांत, संतुलित, वेगवान असे मोड असतात, आणि खरी किल्ली बऱ्याचदा तिथे असते. त्या मोडने प्रोसेसरचे कायमचे वॅटच बदलतात, १५ चे २० किंवा २५ होतात. एकच १२३५यू दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळा वागतो तो म्हणूनच. एएमडीचे लॅपटॉप तर बाहेरचं आवरण हाताला किती गरम लागेल याचाही अंदाज बांधून वॅट कमी-जास्त करतात.

एक जुना डाव मात्र सांगितलाच पाहिजे. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ केलं की टर्बो बंद होतो आणि लॅपटॉप थंड पडतो. "फार गरम होतो" म्हणून दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप थंडगार होऊन परत येतो, गिऱ्हाईक खूश, आणि दोन महिन्यांनी तोच लॅपटॉप "फार हळू" म्हणून दुसऱ्या दुकानात. ९९ दिसलं तर १०० करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, तिथे शोधत बसू नका.

व्होल्टेज कमी करून वॅट वाचवायची युक्ती, अंडरव्होल्टिंग, जुन्या व्हिडिओंमध्ये भरपूर सापडते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच वाटेने होणारा प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला आणि त्यानंतर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर ही वाट कुलूपबंद झाली. तुमच्याकडे ती सरकपट्टी हलत नसेल तर दोष तुमचा नाही.

आकडे चांगले निघाले, मग पुढे काय?

ज्यांचा लॅपटॉप १५ वर ठोकलेला निघाला त्यांची निराशा होते, कारण दुरुस्त करायला काही नसतं. प्रश्न मग कामाचा. बिलिंग, टॅली, ऑनलाइन क्लास, ब्राउझर, कागदपत्रं यांना १५ वॅट पुरून उरतात. रोज दोन-चार तास व्हिडिओ किंवा थ्रीडी रेंडर असेल तर यू अक्षराचा प्रोसेसर हे चुकीचं हत्यार आहे, मग नावापुढे आय-७ का असेना. आय-७ १२५५यू लाही कायमचे वॅट १५ च मंजूर आहेत. लॅपटॉपच हवा तर नावाच्या शेवटी एच बघा, बाराव्या पिढीत तो ४५ वॅटचा. पी असेल तर २८. एका जागी बसूनच काम असेल तर डेस्कटॉप. माझं मत विचाराल तर घरून एडिटिंग करणाऱ्याने १२४०० सारखा साधा डेस्कटॉप आणि बाहेर न्यायला जुनाच लॅपटॉप ठेवावा. एका महागड्या लॅपटॉपच्या पैशात दोन्ही बसतात आणि मे महिन्यात डोकं शांत राहतं.

डेस्कटॉप घेताना मात्र नुसत्या आकारावर जाऊ नका. ऑल-इन-वन आणि मुठीएवढे मिनी पीसी यांत बरेचदा लॅपटॉपचाच यू प्रोसेसर असतो. बॉक्सवर डेस्कटॉप लिहिलेलं, आत १५ वॅट. कॉर्पोरेट ऑफिसांतून आलेल्या वापरलेल्या छोट्या डब्यांत नावापुढे टी असतो, ते ३५ वॅटचे. दुकानाच्या काउंटरसाठी ते फार चांगले, रेंडरसाठी नाहीत.

विजेचं बिल हा दुसरा प्रश्न. प्रोसेसर दिवसभर पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे ६५ विरुद्ध १५ असा हिशेब चुकतो. साधं काम करताना मॉनिटर धरून डेस्कटॉप ६० वॅटच्या आसपास घेत असेल आणि लॅपटॉप १५, तर फरक ४५. आठ तास, महिन्याचे २५ दिवस, झाले ९ युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून बघा, त्यासाठी लॅपटॉप घेण्याइतकी ती रक्कम होत नाही. वीज जाते तेव्हा मात्र फरक कळतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. तोही फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरताच.

राहिली ती चिवट प्रकरणं. अस्सल चार्जर आहे, बॅटरी धड आहे, तापमान ४५, सेटिंग १०० वर, तरी वेग ०.४. आधी चार्जर काढून लॅपटॉप बंद करा आणि पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा. बोर्डात उरलेली वीज निघून गेली की कधीकधी अडकलेला सिग्नल सुटतो. मग कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, चार्जर लावूनच. त्यानेही नाही झालं तर बोर्डावरचा एखादा तापमानाचा सेन्सर किंवा वीजपुरवठ्याचा भाग खोटी ओरड करतोय. वॉरंटी असेल तर वॅट, तापमान आणि वेग एकत्र दिसणारा स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. "हळू चालतो" एवढंच लिहून घेऊ देऊ नका, जॉबशीटवर तिन्ही आकडे लिहायला लावा. वॉरंटी संपली असेल तर चिप-लेव्हल काम करणारा माणूस लागेल. बोर्ड बदलण्याआधी त्याला सेन्सरची लाइन मीटरने मोजायला सांगा.